मोडण्यासाठी उभारलेला सर्व्हर: वाचकांचे प्रश्न

गेल्या अंकात सर्व्हर व्हर्च्युअलायझेशनविषयी, म्हणजे एकाच यंत्रावर अनेक स्वतंत्र संगणक चालवण्याच्या तंत्राविषयी लिहिले होते. त्यावर सोलापूर शहरातून आणि अक्कलकोट, बार्शी, पंढरपूरकडून जी पत्रे आली, त्यांतल्या बहुतेक पत्रलेखकांनी अधिकृत माहितीपुस्तिका वाचलेली आहे. त्यांचे अडले आहे ते पुस्तिका जिथे संपते तिथे. म्हणून या वेळचे सदर त्या अनधिकृत युक्त्यांना आणि साधनांना दिले आहे. एक अट आधीच सांगतो. ज्या यंत्रावर दुसऱ्या कोणाचा पगार, हिशेब किंवा निकाल अवलंबून आहे, त्या यंत्रावर यांतली एकही युक्ती करून पाहू नये. शिकण्यासाठी वेगळे यंत्र ठेवावे, ते बिनधास्त मोडावे आणि पुन्हा उभारावे. प्रत्येक युक्तीबरोबर ती का लागू पडते हेही लिहिले आहे, कारण ते ठाऊक नसेल तर पुढच्या अपडेटनंतर काय बिघडले याचा थांग लागत नाही.

प्रश्न: मी अभियांत्रिकीच्या तिसऱ्या वर्षात शिकतो. लॅपटॉपमध्ये १६ जीबी रॅम आणि एसएसडी असूनही व्हर्च्युअलबॉक्स या व्हर्च्युअलायझेशन सॉफ्टवेअरमधला उबुंटू (लिनक्स) सर्व्हर इतका मंद चालतो की, कळ दाबल्यावर अक्षर उमटायला वेळ लागतो. खिडकीच्या तळाच्या पट्टीत एक हिरवे कासव दिसते. रॅम वाढवू का?
— विद्यार्थी, जुळे सोलापूर

रॅमवर एक रुपयाही खर्च करू नका. तुमच्या अडचणीचे कारण ते कासवच सांगत आहे.

इंटेलने २००५ मध्ये आणि एएमडीने २००६ मध्ये आपल्या प्रोसेसरमध्येच व्हर्च्युअलायझेशनची सोय दिली. ही सोय एका वेळी एकाच हायपरवायझरच्या (व्हर्च्युअल मशीन चालवणाऱ्या सॉफ्टवेअरच्या) थेट ताब्यात राहते. तुमच्या विंडोजमध्ये मायक्रोसॉफ्टचा हायपर-व्ही आधीपासून जागा आहे. तो तुम्ही सुरू केला नसला, तरी लिनक्ससाठीची डब्ल्यूएसएल-२ ही सोय किंवा सुरक्षेतील 'मेमरी इंटिग्रिटी' चालू केली की तो आपोआप सुरू होतो. मग व्हर्च्युअलबॉक्सला प्रोसेसरपर्यंत थेट पोहोचता येत नाही, त्याला हायपर-व्हीच्या मार्फत काम करावे लागते, आणि तसे चालले असल्याची खूण म्हणून ते कासव दिसते.

उपाय असा आहे. 'विंडोज फीचर्स' या यादीतून हायपर-व्ही, व्हर्च्युअल मशीन प्लॅटफॉर्म आणि विंडोज हायपरवायझर प्लॅटफॉर्म या तिन्हींवरची खूण काढा. विंडोज सिक्युरिटीमध्ये 'कोअर आयसोलेशन'खालील मेमरी इंटिग्रिटी बंद करा. त्यानंतर प्रशासक म्हणून उघडलेल्या कमांड खिडकीत 'बीसीडीएडिट' या आदेशाने 'हायपरवायझर लाँच टाइप' हे मूल्य 'ऑफ' करा आणि लॅपटॉप पुन्हा सुरू करा. कासवाच्या जागी निळ्या चौकटीतले इंग्रजी 'व्ही' अक्षर दिसले की काम झाले असे समजा. हे सगळे करण्याआधी बिटलॉकर (डिस्कला कुलूप लावणारी विंडोजची सोय) चालू आहे का ते पाहा आणि असेल तर त्याची रिकव्हरी की कागदावर उतरवून ठेवा. बूटच्या सेटिंगला हात लावल्यावर ती मागितली गेली आणि हाताशी नसली, तर परीक्षेच्या तोंडावर सगळ्या नोट्स कुलूपबंद होतील. मेमरी इंटिग्रिटी ही खरी सुरक्षा आहे, तेव्हा प्रयोगाचे काम संपले की ती पुन्हा चालू करा.

प्रश्न: आमचा टॉवेलचा छोटा कारखाना आहे. मुलाला हे तंत्र शिकता यावे म्हणून नवी पेठेतून १२ व्या पिढीच्या आय-सेव्हन प्रोसेसरचा संगणक जुळवून घेतला. त्यावर व्हीएमवेअरचे ईएसएक्सआय हे हायपरवायझर बसवताना आधी जांभळी स्क्रीन आली. एका परिचिताने सांगितलेला शब्द सुरुवातीला टाकल्यावर ती गेली, पण आता 'नेटवर्क अ‍ॅडॅप्टर सापडले नाही' असे म्हणून इन्स्टॉलर थांबतो. मदरबोर्डवर रिअलटेकचे कार्ड आहे. इंटरनेटवर अनधिकृत ड्रायव्हर मिळतात, ते घालावेत का?
— एक उद्योजक, अक्कलकोट रोड एमआयडीसी

तुमच्या प्रश्नात दोन वेगळ्या अडचणी आहेत. त्यांतली पहिली गेली असे तुम्हाला वाटते, पण ती परत येणार आहे.

१२ व्या पिढीपासून इंटेलच्या अनेक प्रोसेसरांत दोन प्रकारचे गाभे असतात. काही वेगवान, काही काटकसरी. ईएसएक्सआय ज्या सर्व्हरांसाठी लिहिले गेले, त्यांतले सगळे गाभे सारखेच असतात, त्यामुळे हा फरक दिसताच ते जांभळी स्क्रीन दाखवून थांबते. सुरुवातीच्या स्क्रीनवर शिफ्ट आणि ओ या कळा एकत्र दाबून 'सीपीयू युनिफॉर्मिटी हार्ड चेक पॅनिक' हा पर्याय 'फॉल्स' केला की ही तपासणी टळते. तुमच्या परिचिताने सांगितलेला शब्द हाच असणार. पण तिथे टंकलेले त्या एका वेळेपुरतेच लागू होते. इन्स्टॉलेशन झाल्यावर पहिल्या बूटला तो शब्द पुन्हा टाकावा लागतो आणि मग 'ईएसएक्ससीएलआय' या आदेशसंचातून तेच मूल्य कर्नलच्या सेटिंगमध्ये कायमचे लिहावे लागते. ते राहून गेले, तर यंत्र आठवडाभर छान चालते आणि एका रात्री वीज जाऊन आली की सकाळी समोर पुन्हा जांभळी स्क्रीन उभी राहते. ईएसएक्सआयला वेगवान गाभा कोणता आणि काटकसरी कोणता हे कळत नसल्याने एकच काम कधी भरभर होते, कधी रेंगाळते. म्हणून मी स्वतः बायोसमध्ये जाऊन काटकसरी गाभे बंद ठेवणेच पसंत करतो. चार गाभे कमी होतात, पण युक्तीची गरजच उरत नाही.

आता नेटवर्क कार्ड. घरगुती मदरबोर्डांवर रिअलटेकचे कार्ड सर्रास असते, आणि ईएसएक्सआयने त्याचे ड्रायव्हर ५.५ या आवृत्तीपासून काढून टाकले. पुढे बरीच वर्षे हौशी जाणकारांनी बांधलेला ड्रायव्हर इन्स्टॉलरच्या प्रतीत मिसळून लोक काम भागवत होते. तो ड्रायव्हर लिनक्सवरून बेतलेला होता आणि ज्या जोडणी-थरावर तो चालायचा, तो थर २०२० मध्ये आलेल्या ७.० या आवृत्तीत कायमचा गेला. इंटरनेटवर जे जुने लेख सापडतात, त्यांतले बहुसंख्य लेख ६.७ किंवा त्याआधीच्या काळातले आहेत. तुमच्या मुलाने त्यांतली कृती कितीही नेमकेपणाने केली तरी ती नव्या आवृत्तीवर चालणार नाही आणि चूक आपलीच झाली असे त्याला वाटत राहील. म्हणून या विषयावरचा कोणताही लेख वाचताना आधी त्याची तारीख आणि आवृत्ती पाहण्याची सवय त्याला लावा.

आज तुमच्यापुढे तीन मार्ग आहेत. पहिला 'फ्लिंग'चा. कंपनीचेच अभियंते जी साधने कोणत्याही पाठबळाच्या हमीशिवाय प्रसिद्ध करतात, त्यांना हे नाव आहे. यूएसबी नेटवर्क कार्डासाठीचा ड्रायव्हर या स्वरूपात बरीच वर्षे उपलब्ध आहे आणि २०२५ मध्ये रिअलटेकच्या कार्डांसाठीही फ्लिंग आले. मात्र इन्स्टॉलरच कार्डाशिवाय पुढे जात नसल्याने हा ड्रायव्हर आधी पॉवरसीएलआय या व्हीएमवेअरच्या आदेशसंचाच्या मदतीने इन्स्टॉलरच्या आयएसओ प्रतीत मिसळावा लागतो. दुसरा मार्ग म्हणजे इंटेलच्या आय-३५० मालिकेतले जुने पीसीआय एक्स्प्रेस कार्ड विकत घेणे. बाजारात या कार्डांच्या नकला पुष्कळ आहेत, तेव्हा चालवून पाहिल्याशिवाय घेऊ नका. तिसरा मार्ग म्हणजे प्रॉक्समॉक्स किंवा एक्ससीपी-एनजी यांसारखा लिनक्सच्या घराण्यातला हायपरवायझर बसवणे. तिथे रिअलटेकचे कार्ड बहुधा पहिल्याच फटक्यात ओळखले जाते.

मला विचाराल तर मुलाला आधी प्रॉक्समॉक्स बसवू द्या. व्हीएमवेअर कंपनी नोव्हेंबर २०२३ मध्ये ब्रॉडकॉमकडे गेली, फेब्रुवारी २०२४ मध्ये ईएसएक्सआयची मोफत आवृत्ती बंद झाली आणि एप्रिल २०२५ मध्ये ८.० अपडेट ३-ई बरोबर ती परत आली. परत आलेली मोफत आवृत्ती व्हीसेंटरला (अनेक ईएसएक्सआय यंत्रे एकत्र सांभाळणाऱ्या सॉफ्टवेअरला) जोडता येत नाही, आणि नोकरीत उपयोगी पडणारे बरेचसे शिक्षण व्हीसेंटरपाशीच आहे. तरीही ईएसएक्सआयच हवे असेल, तर कार्ड घ्या आणि इन्स्टॉलेशनच्या वेळी 'सिस्टीम मीडिया साइझ' हा पर्याय 'मिन' असा द्या. तसे केले नाही तर ते स्वतःसाठी जवळजवळ १३८ जीबी जागा राखून घेते आणि २५६ जीबीच्या एसएसडीवर प्रयोगांसाठी फारसे काही उरत नाही.

प्रश्न: प्रॉक्समॉक्स बसवले, पण अपडेट करताना '४०१ अनऑथराइज्ड' अशी त्रुटी येते आणि प्रत्येक वेळी लॉगिन केल्यावर वैध सबस्क्रिप्शन नसल्याचा संदेश झळकतो. एका ओळीची एक स्क्रिप्ट चालवली की दोन्ही गोष्टी जातात असे कळले. ही चोरी ठरेल का?
— ग्रंथालय कर्मचारी, बार्शी

हा प्रश्न विचारावासा वाटला याचेच मला समाधान आहे. नाही, ही चोरी नाही. प्रॉक्समॉक्स हे मुक्त परवान्याखालचे सॉफ्टवेअर आहे. कंपनी पैसे घेते ते अधिक कसून तपासलेल्या पॅकेजेसच्या रिपॉझिटरीसाठी (भांडारासाठी) आणि मदतीसाठी. बसवल्यावर तीच सशुल्क रिपॉझिटरी चालू असते, म्हणून ४०१ दिसतो. प्रॉक्समॉक्सच्या वेब पानावर तुमच्या नोडखाली (म्हणजे यंत्राच्या नावाखाली) 'रिपॉझिटरीज' असा विभाग आहे. तिथे एंटरप्राइझ नावाच्या दोन्ही नोंदी (एक प्रॉक्समॉक्सची, दुसरी सेफ या साठवणुकीच्या सॉफ्टवेअरची) बंद करून 'नो-सबस्क्रिप्शन' ही नोंद जोडा. ही रिपॉझिटरी कंपनीनेच चाचणी आणि शिक्षणासाठी ठेवली आहे. मग अपडेट करताना साधा 'अपग्रेड' न देता 'डिस्ट-अपग्रेड' द्या, कारण साध्या आदेशात नवी अवलंबित पॅकेजेस मागे राहून यंत्र अर्धवट अवस्थेत अडकू शकते.

तो संदेश घालवण्यासाठीची स्क्रिप्ट वेब पानाच्या एका जावास्क्रिप्ट फाइलमध्ये बदल करते. ती फाइल ज्या पॅकेजची आहे, ते पॅकेज अपडेट झाले की संदेश परत येतो आणि क्वचित बदल अर्धवट लागून पान कोरेच उघडते. तसे झाल्यास घाबरू नका; 'प्रॉक्समॉक्स-विजेट-टूलकिट' हे पॅकेज पुन्हा बसवले की पान पूर्ववत होते. माझ्या प्रयोगाच्या यंत्रावर मी तो संदेश तसाच ठेवला आहे. त्यावर एकदा क्लिक करण्याचा त्रास त्या फाइलशी खेळण्याच्या त्रासापेक्षा कमी आहे.

एका ओळीच्या स्क्रिप्टबद्दल मात्र थोडे कडक बोलतो. प्रॉक्समॉक्ससाठी समुदायाने लिहिलेल्या मदतनीस स्क्रिप्टांचा संग्रह खरोखर उपयोगी आहे. एका आदेशात तयार कंटेनर (हलके व्हर्च्युअल यंत्र) उभा राहतो. पण तो आदेश इंटरनेटवरून मजकूर आणून थेट रूट (सर्वोच्च) अधिकाराने चालवतो. उद्या त्या पत्त्यावरचा मजकूर बदलला, तर तुमच्या यंत्रावर जे होईल त्याला तुम्हीच परवानगी दिलेली असेल. म्हणून स्क्रिप्ट आधी फाइलमध्ये उतरवून घ्या, वाचा, आणि पहिल्यांदा ती प्रॉक्समॉक्सच्या आत बसवलेल्या दुसऱ्या, टाकाऊ प्रॉक्समॉक्सवर चालवा. तसे कसे करायचे ते पुढच्या उत्तरात आहे.

प्रश्न: विद्यार्थ्यांना क्लस्टर (एकत्र काम करणाऱ्या यंत्रांचा गट) आणि एका यंत्रावरून दुसऱ्यावर चालते व्हर्च्युअल मशीन हलवणे दाखवायचे आहे, पण विभागाकडे ३२ जीबी रॅमचा एकच संगणक मोकळा आहे. काही करता येईल का?
— प्राध्यापिका, सोलापूर

नक्की करता येईल, आणि ही कल्पना मुळीच नवी नाही. आयबीएमची व्हीएम/३७० ही प्रणाली १९७२ मध्ये जाहीर झाली. ती ज्या यंत्रासाठी होती ते यंत्र हाती येण्याआधीच तिची घडण आणि चाचणी जुन्या यंत्रावरच्या व्हर्च्युअल मशीनमध्ये झाली होती. हायपरवायझरच्या पोटात हायपरवायझर चालवण्याच्या या पद्धतीला नेस्टेड व्हर्च्युअलायझेशन म्हणतात.

आधी रॅमचा हिशेब मांडा. ईएसएक्सआय ८ च्या प्रत्येक नोडला किमान ८ जीबी लागते, म्हणजे तीन नोडांना २४. व्हीसेंटरची सर्वांत लहान मांडणीही १४ जीबी मागते. बेरीज ३८ झाली आणि विषय तिथेच संपला. प्रॉक्समॉक्सचे तीन नोड मात्र प्रत्येकी ४ जीबीत शिकवण्यापुरते चालतात. १२ जीबीत क्लस्टर उभा राहतो आणि उरलेल्या रॅममध्ये सामायिक डिस्क पुरवणारे एक लहान एनएफएस यंत्रही बसते.

बाहेरच्या यंत्रावर लिनक्स असेल, तर केव्हीएमच्या (लिनक्समधल्या हायपरवायझरच्या) मॉड्यूलमधला 'नेस्टेड' हा पर्याय 'वाय' आहे का ते पाहा. आतल्या नोडांना प्रोसेसरचा प्रकार 'होस्ट' असा द्या, नाहीतर प्रोसेसरची व्हर्च्युअलायझेशनची सोय त्यांच्यापर्यंत पोहोचतच नाही. नेटवर्कमध्ये बहुतेकांचा अर्धा दिवस जातो. आतला नोड पिंगला उत्तर देतो, पण त्याच्याही आतले यंत्र मुके राहते. बाहेर ईएसएक्सआय असेल, तर त्याचा स्विच अनोळखी मॅक पत्त्याची (नेटवर्क कार्डाच्या ओळखक्रमांकाची) पाकिटे अडवतो. तिथे 'प्रॉमिस्क्युअस मोड' आणि 'फोर्ज्ड ट्रान्समिट्स' यांना परवानगी द्यावी लागते. बाहेर प्रॉक्समॉक्स असेल, तर नोडच्या फायरवॉलमधली मॅक फिल्टरची खूण काढावी लागते.

वर्गात दाखवण्यासारखा माझा आवडता प्रयोग असा. तिन्ही नोड चालू असताना त्यांतला एक 'शटडाउन' न करता थेट 'स्टॉप' करा. प्रत्येक नोडला एक मत असते; तीन मतांपैकी दोन उरतात, बहुमत टिकते आणि क्लस्टर पूर्ववत चालू राहतो. मग दुसराही थांबवा. उरलेल्या एकट्या नोडवर लॉगिन करून एखाद्या व्हर्च्युअल मशीनचे सेटिंग बदलायला विद्यार्थ्याला सांगा. 'इटीसी-पीव्हीई' ही फोल्डर आता केवळ वाचता येते, लिहिता येत नाही, म्हणून बदल नाकारला जातो. यंत्र धडधाकट असूनही ते का ऐकत नाही, हा प्रश्न विद्यार्थ्यांनी स्वतः विचारला की मग फळ्यावर क्वोरम (निर्णयासाठी लागणारे बहुमत) हा शब्द लिहा. आधी लिहून ठेवला, तर त्यांच्या दृष्टीने ती पाठ करायची आणखी एक व्याख्या होते. अपेक्षित मतांची संख्या आदेशाने एकवर आणून तिथून बाहेर पडता येते हेही दाखवा, पण प्रत्यक्ष क्लस्टरवर, दुसरे नोड खरोखर बंद आहेत याची खात्री न करता तसे केल्यास एकाच डिस्कवर दोन मालक लिहू लागतात, हे त्याच तासाला सांगा.

प्रश्न: विंडोज सर्व्हरची चाचणी आवृत्ती वापरतो. 'अ‍ॅक्टिव्हेटर' नावाचे साधन मित्राने पेन ड्राइव्हवर दिले आहे. प्रयोगापुरते चालेल ना?
— नोकरीच्या शोधातील वाचक, होटगी रोड

चालणार नाही. परवाना मोडणे हा एक भाग झाला, पण त्याहून तातडीचा धोका असा की, अशी साधने अँटिव्हायरस बंद करायला लावून प्रशासकाच्या अधिकाराने चालतात आणि ते यंत्र घरातल्या बाकी संगणकांच्याच नेटवर्कवर असते. त्याची गरजही नाही. मायक्रोसॉफ्टची चाचणी आवृत्ती १८० दिवस चालते. बसवल्यावर पहिल्या १० दिवसांत ती एकदा इंटरनेटला जोडू द्या. मुदत संपल्यावर सर्व्हर दर तासाला आपोआप बंद पडू लागतो, तेव्हा यंत्र बिघडले असे समजू नका. 'एसएलएमजीआर' या आदेशाने मुदत किती वेळा वाढवता येईल हे दिसते आणि ती वाढवताही येते. याहून चांगली सवय म्हणजे कोरा सर्व्हर बसवून, अपडेट करून, 'सिसप्रेप' (यंत्राची खास ओळख पुसणारे साधन) चालवून त्याचा टेम्पलेट (नमुना प्रत) ठेवणे आणि लागेल तेव्हा त्यावरून नवी प्रत काढणे. मुलाखतीतही टेम्पलेटविषयी विचारतात.

प्रश्न: घरी चोवीस तास चालणारा लहान सर्व्हर ठेवला आहे. उन्हाळा आणि वीज या दोन्हींची धास्ती वाटते. शिवाय प्रॉक्समॉक्समुळे साधी एसएसडी लवकर झिजते असे वाचले. काय काळजी घ्यावी?
— निवृत्त बँक कर्मचारी, विजापूर रोड

एसएसडीबद्दल वाचलेले खरे आहे, पण त्यावरचे सगळे उपाय सारखे चांगले नाहीत. प्रॉक्समॉक्स क्लस्टरची स्थिती, आलेखांचे आकडे आणि लॉग सतत डिस्कवर लिहीत असतो. तुमचे यंत्र एकटेच असेल, तर हाय अव्हेलेबिलिटीच्या (एक नोड पडला तर त्यावरची यंत्रे दुसऱ्यावर सुरू करण्याच्या सोयीच्या) 'एलआरएम' आणि 'सीआरएम' या दोन सेवा बंद करणे ही अनधिकृत असली तरी निरुपद्रवी युक्ती आहे. एकट्या यंत्राला त्यांचा उपयोग नसतो. लॉग रॅममध्ये ठेवण्याची दुसरी युक्ती मात्र मी सुचवणार नाही. वीज गेली की ते लॉग जातात आणि वीज गेल्यानंतरच तर ते वाचायचे असतात. दर महिन्याला 'स्मार्टसीटीएल' (डिस्कची प्रकृती दाखवणारा आदेश) चालवून 'पर्सेंटेज यूज्ड' (डिस्क किती झिजली) हा आकडा वहीत लिहून ठेवा. सहा महिन्यांच्या नोंदी झाल्या की तुमची डिस्क किती वर्षे पुरेल ते तुम्हालाच काढता येईल. बँकेतल्या माणसाला हे सांगायला नको.

वीज जाण्यापेक्षा वीज गेल्याचे सर्व्हरला न कळणे अधिक घातक असते. दुकानात मिळणाऱ्या अनेक स्वस्त यूपीएसना संगणकाशी बोलण्यासाठी यूएसबी पोर्टच नसतो. असा यूपीएस काही मिनिटे वेळ देतो आणि मग सर्व्हर धाडकन बंद पडतो. पोर्ट असलेलाच घ्या आणि 'नट' हे मुक्त साधन बसवा, म्हणजे बॅटरी उतरू लागली की आतली व्हर्च्युअल यंत्रे एकेक करून नीट बंद होतील. त्यासाठी प्रत्येक यंत्रात क्यूईएमयू गेस्ट एजंट (बंद होण्याचा निरोप आत पोहोचवणारे छोटे सॉफ्टवेअर) बसवा. प्रॉक्समॉक्स एका यंत्राला बंद व्हायला डीफॉल्ट १८० सेकंद देतो, तेव्हा तुमच्या यूपीएसची बॅटरी तेवढा वेळ खरोखर टिकते का, हे एकदा प्लग काढून घड्याळ लावून पाहा.

आता माझ्यावर ओढवलेला प्रसंग सांगतो, कारण तो तुमच्यावर येऊ नये. एका मे महिन्यात, पारा त्रेचाळिसाच्या घरात असताना, माझ्या सर्व्हरवरची सहाच्या सहा यंत्रे एकाच वेळी गोठली. वेब पानावर प्रत्येकाच्या नावापुढे पिवळा त्रिकोण आणि 'आयओ-एरर' हे शब्द होते. मी उष्णतेवर संशय घेतला, झाकण उघडले, टेबल फॅन लावला, दोन तास घालवले. खरे कारण 'एलव्हीएस' या आदेशाच्या एका रकान्यात होते: थिन पूल शंभर टक्के भरला होता. थिन पूल म्हणजे प्रत्यक्षात नसलेली जागाही वाटून देणारी सोय. माझ्या ४०० जीबीच्या पूलवर मी ७०० जीबीच्या डिस्का वाटल्या होत्या आणि प्रत्येक प्रयोगाआधी घेतलेले स्नॅपशॉट (त्या क्षणीची स्थिती जपणाऱ्या नोंदी) पुसायचे राहून गेले होते. पुरवठ्याची जागा संपली की कोणतेच यंत्र लिहू शकत नाही आणि अशा वेळी फाइल प्रणालीही खराब होते. माझी सहापैकी दोन यंत्रे गेली. तेव्हापासून प्रत्येक डिस्कवर 'डिस्कार्ड' ही खूण करतो, आत आठवड्यातून एकदा ट्रिम चालवतो, म्हणजे पुसलेली जागा पूलकडे परत जाते, आणि पूल ८० टक्क्यांवर गेला की मला ईमेल येईल अशी छोटी स्क्रिप्ट लावली आहे. स्नॅपशॉट हा बॅकअप नव्हे हेही तेव्हाच अंगवळणी पडले. डिस्क गेली की तिच्यावरचा स्नॅपशॉटही जातो. बॅकअप वेगळ्या डिस्कवर घ्या आणि महिन्यातून एकदा त्यावरून यंत्र उभे करून पाहा.

उष्णतेबद्दल थोडक्यात: सर्व्हर पोटमाळ्यावर किंवा पश्चिमेच्या भिंतीला ठेवू नका आणि फेब्रुवारीतच धूळ साफ करा.

प्रश्न: दुकानातल्या जुन्या विंडोज संगणकावर हिशेबाचे सॉफ्टवेअर आहे. तो कधीही बंद पडेल अशी भीती आहे. त्याची जशीच्या तशी प्रत व्हर्च्युअल मशीनमध्ये करून पाहायची आहे. कोणते साधन वापरू?
— कापड व्यापारी, सोलापूर

'डिस्क-टू-व्हीएचडी' वापरा. मायक्रोसॉफ्टच्या सिसइंटर्नल्स संचातले हे छोटे साधन चालू संगणकाची प्रत काढते, तो बंद करावा लागत नाही. प्रत त्याच डिस्कवर न काढता बाहेरच्या डिस्कवर काढा आणि हिशेबाचे सॉफ्टवेअर त्या वेळी बंद ठेवा. मग ती फाइल प्रॉक्समॉक्सवर नेऊन 'क्यूएम इम्पोर्टडिस्क' या आदेशाने आत घ्या.

इथून पुढे दोन ठिकाणी हमखास ठेच लागते. जुना संगणक जुन्या पद्धतीच्या बायोसवर चालत असेल तर नव्या यंत्रालाही 'सीबायोस' द्या आणि तो यूईएफआयवर (बायोसच्या नव्या अवतारावर) असेल तर 'ओव्हीएमएफ'. हे जुळले नाही तर डिस्क सापडतच नाही. दुसरे म्हणजे वेगाच्या मोहाने डिस्क एकदम व्हर्टआयओवर (व्हर्च्युअल मशीनसाठीच्या वेगवान जोडणीवर) लावू नका. विंडोजकडे तो ड्रायव्हर नसल्याने निळी स्क्रीन येते. आधी डिस्क साटा म्हणून लावा आणि विंडोज सुरू होऊ द्या. मग १ जीबीची एक रिकामी डिस्क व्हर्टआयओवर जोडा, व्हर्टआयओच्या आयएसओमधून ड्रायव्हर बसवा, यंत्र बंद करा आणि त्यानंतरच मुख्य डिस्क व्हर्टआयओवर न्या. रिकाम्या डिस्कची ही युक्ती ठाऊक नसल्याने अनेकांनी इथेच प्रयत्न सोडलेले मी पाहिले आहेत.

प्रत पहिल्यांदा सुरू करण्याआधी तिचे नेटवर्क कार्ड 'डिसकनेक्ट' करा. तिचे नाव आणि आयपी पत्ता मूळ संगणकाचाच असल्याने दोन्ही एकदम नेटवर्कवर आले, तर दुकानातले प्रिंटर आणि बिलिंग गोंधळतील. संगणकाबरोबर आलेला ओईएम परवाना त्या यंत्रापुरताच असतो आणि हिशेबाच्या सॉफ्टवेअरचा परवानाही यंत्राशी बांधलेला असू शकतो, तेव्हा प्रत कायमची वापरायची असेल तर दोन्हींबाबत विक्रेत्याशी आधी बोला. त्या प्रतीत तुमच्या ग्राहकांची उधारी आणि फोन क्रमांक आहेत, म्हणून ती प्रयोगासाठी कोणाच्या लॅपटॉपवर देऊ नका. प्रतीवर एक महिनाअखेर आणि जीएसटीचे एक विवरण चाचणी म्हणून पूर्ण करून पाहा, आकडे मूळ संगणकाशी पैशापर्यंत जुळवा, आणि ते जुळेपर्यंत जुन्या यंत्राला हात लावू नका.